बारावी रेघ

तीर्थरूप वन्संना, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

गुडघा कसा आहे? देवाला रोज सांगते, आधी वन्संचा गुडघा, मग बाकीचं. आम्ही खुशाल. (पत्र एका जादा फॉर्मच्या पाठीवर आहे, राग मानू नका. एक बाजू कोरी, टाकवेना.)

फॉर्म आमच्या मंगळवारच्या वर्गाचा. एक संस्था आम्हां बायकांना आरोग्याचं शिकवते. पहिला धडा असा, की पिण्याच्या पाण्यात पेला बुडवायचा नाही, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं घ्यायचं. मला बारा ओगराळी दिली आणि बारा जणींना वाटून शिकवायला सांगितलं. मी अकरा वाटली, बारावं घरी लावलं. आता संस्थेच्या बाई आल्या, शिकवलेलं कुठवर पोचलं ते मोजायला. फरक दिसला नाही तर वर्ग बंद. (आठवड्यातून तेवढाच एक तास मी कुणासाठी चहा करत नाही, वन्सं.)

बाईंना घेऊन घरोघर फिरले. धडा सगळ्यांना तोंडपाठ. शिंपीणबाईंनी तर डोळे मिटून म्हटला. पण त्यांचं ओगराळं भिंतीवर शोभेला, मास्तरीणबाईंचं कुंड्यांना पाणी घालायला, आणि नर्सबाईंचं (नर्स हो, वन्सं!) कुत्र्याला दूध वाढायला. खरं वापरत होती एकटी वॉचमनची बायको, जिला मी एका अक्षरानंही काही सांगितलं नव्हतं. म्हणाली, "तुमच्या खिडकीतून रोज दिसायचं. म्हटलं, बाजारातून आपणही आणावं." बाईंनी फॉर्म उलटापालटा केला. बघून शिकलेलीला रकानाच नाही.

बिचाऱ्या दमून आमच्याकडे टेकल्या, पाणी मागितलं. तुमचे बंधुराज कधी नव्हे ते तत्परतेनं उठले आणि माठात मनगटापर्यंत पेला बुडवून घेऊन आले. बाईंनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "तहान गेली हो."

गुरुवारी त्या परत येणार आहेत. देव पाठीशी आहेच.

तुमची धाकटी भावजय

ता. क. फॉर्मवर बारा रेघा होत्या. एक मोकळी सोडणं जिवावर आलं, म्हणून तुमचं नाव घातलं. बाई फोन करतील. मला खोटं बोलवत नाही, म्हणून वर धडा लिहिलाच आहे. वाचलात म्हणजे शिकवलं. ओगराळं मात्र मागू नका.

आणखी एक. हे माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. गुरुवारच्या आत त्यांना दोन कडक ओळी लिहा, म्हणजे 'वागण्यात फरक' या रकान्यात एक तरी खरी खूण करता येईल. लहानपणी पेला बुडवायला त्यांना तुम्हीच शिकवलंत, असं सासूबाई सांगायच्या. तेवढं मी फॉर्मवर लिहिलेलं नाही. अजून.