गाडी आहे, मीच चालवते

चि. धाकल्यास,

तुला ताईचे आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्याला वेगळे. (तेल चोळतोस की नुसती बाटली बघतोस?) घरी सगळे ठीक असतील असं धरून चालते. (चालण्याशी आमचा संबंध आता एवढाच.) मीही मजेत आहे, काळजी करू नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. उद्या नर्सबाई तुमच्या बाजूला येणार आहेत, त्यांच्या हाती देते.

तर मागच्या डोंगरावरचं रान यंदा वाळून खडखडीत झालंय, आणि दोरीवरच्या कपड्यांवर राख येऊन बसते. वणवा खाली उतरलाच तर वस्ती रिकामी करून सगळ्यांना खालच्या शाळेत हलवायचं, म्हणून वॉर्ड ऑफिसनं घरोघर नोंदणी केली. कारकून दारात उभा राहून विचारू लागला, गाडी आहे का? म्हटलं, आहे. कोण चालवतं? म्हटलं, मीच, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. आता तूच सांग, गेली अकरा वर्षं आपल्याकडे माझ्या चाकाच्या खुर्चीला गाडीच म्हणतात की नाही? बॅटरीवर चालते, हॉर्न आहे, आणि तुझ्या टेम्पोपेक्षा वेळेवर निघते. त्या बाबानं खाली मान घालून लिहिलं: स्वतःचं वाहन, स्वतः चालवतात. (मान वर केली असती तर मी गाडीतच बसलेली दिसले असते.) आणि बसनं न्यायच्या माणसांतून माझं नाव उडवलं.

हे मला कळलं परवाच्या सरावात. भोंगा वाजायच्या अर्धा तास आधीपासून मी फाटकाशी तयार. मांडीवर पिशवी, तिच्यात आठवड्याची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स, टॉर्च, पाणी. पिशवी इतकी फुगलेली की पलीकडचा रस्ता दिसेना. (चार्जर भिंतीलाच राहिला, तो भाग वेगळा.) बस आली, ड्रायव्हरनं छान हात हलवला आणि गेला निघून. मागोमाग शेजारच्या मास्तरीणबाई आपली छोटी गाडी घेऊन आल्या. जीव लावतात बिचाऱ्या. तुम्हाला उचलून बसवते म्हणाल्या, पण ही नव्वद किलोची खुर्ची डिकीत मावायची नाही. म्हणजे मी जायचं आणि माझे पाय इथे जळायला ठेवायचे! तिकडे शाळेत पोहोचून काय सतरंजीवर पडून राहू? त्यांना म्हटलं, जा तुम्ही.

दोन तासांनी तोच कारकून यादी घेऊन आला. मी म्हटलं, मी राहिले. त्यानं कागद पाहिला, मला पाहिलं, पुन्हा कागद पाहिला.

"बाई, यादीत तुम्ही सुखरूप पोहोचलात."

तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली रे मी. लोकांच्या वेलांट्या सुधारण्यात जन्म गेला, आणि माझ्याच एका शब्दानं माझा घात केला. दुरुस्त करा म्हटलं, तर अर्ज घेऊन ऑफिसात समक्ष या म्हणाला. ऑफिसला आठ पायऱ्या. मग त्यालाच दया आली असावी, तिथल्या तिथे 'वाहन' खोडून त्यानं 'खुर्ची' लिहिलं आणि लगेच कपाळाला हात लावला. खुर्ची म्हणजे घरसामान, आणि घरसामान बसमध्ये घेत नाहीत. माझं डोकंच फिरलं. हा नियम आगीला वाचून दाखवा, असं सांगून मी गाडी वळवली, ती त्याच्या बुटावरून गेली. (चुकून. साधारण चुकून.) अर्ज मात्र लिहिलाय. तोही नर्सबाईंबरोबरच पाठवते, उत्तर कधी येईल ते त्या ऑफिसलाच ठाऊक.

बाकी सगळं बरं. तुझ्या बायकोला माझी आठवण सांग.

तुझी,
ताई

ता.क. गेल्या वर्षी तू टेम्पोला फळी लावून मला न्यायला आला होतास, आणि "मी काय कपाट आहे?" म्हणून मी तुला चहाही न देता हाकललं होतं. ते शब्द मागे घेते. कागदोपत्री मी आता घरसामानच आहे. गाडीची रुंदी सत्तावीस इंच, फळी मोजून घे. दोर आण, पण कपाटाला आवळतोस तसा आवळू नकोस.

ता.क. आणखी एक. भोंग्याची वाट बघू नकोस, पत्र मिळेल त्याच दिवशी ये. कालपासून राख माझ्या उशीवर येतेय. भीती वाटते रे. वर पहिल्याच परिच्छेदात 'काळजी करू नकोस' असं आलंय, ते तेवढं खोड. मुद्रणदोष आहे.