दोनदा थांबलेली गाडी

आबा, रुळांजवळ लाल कपडा घालून यायचं नाही, असं तुम्ही मला बजावलं होतं. ते गेल्या आठवड्यात पुन्हा मोडलं गेलं. या वेळी कपडा माझा नव्हता, पण गाडी थांबली ती माझ्यासाठीच.

घाटकोपरच्या वाचनालयात पेपर वाचताना कळलं की सोलापूरकडच्या तुमच्या छोट्या लाइनीवरची कोळशाची इंजिनं आता काढणार. शाळा माझी लवकर सुटली. वाचायला मी शिकले ती वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून, त्यामुळे बातमी मी सावकाश वाचते. ही तर कितीदा वाचली कोण जाणे. तुमचा एकही फोटो घरात नाही. आईजवळही नव्हता. यांचा आहे, हार घालून भिंतीवर, आणि यांचा कॅमेरा कपाटात. हे गेल्यापासून तो कुणी उघडला नव्हता, आतला रोलसुद्धा तसाच, दोनच फोटो उरलेला. मला वाटलं, तुम्ही नाही तर निदान तुमचं इंजिन तरी त्या रोलवर यावं, भंगारात जाण्याआधी.

अंधेरीच्या औषधांच्या कारखान्यात आम्ही तिघी पॅकिंगला शेजारी बसतो. त्यातली सांताक्रूझवाली नवऱ्याची जुनी फिएट चालवते. "चल ना यार, मी गाडी काढते," ती लगेच म्हणाली. खारदांड्याची कोळीण हसायला लागली. "इंजिनाचा फोटो? नवऱ्याच्या शेजारी लावणार? तो खाली उतरून येईल गं." पण रजेचा अर्ज तिनंच सगळ्यांआधी टाकला.

तिकडे ज्वारीच्या शेतांतून, बैलगाडीच्या चाकोऱ्यांतून फिएट नेताना सांताक्रूझवालीचे हाल झाले. पहिल्या दिवशी रेल्वे फाटकाशी पोचलो तर गाडी निघून गेलेली, नुसता धूर. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी समोर आली, पण आमच्याच चाकांची धूळ अशी उडाली की मी डोळे चोळत भलतंच काहीतरी टिपलं. रोलवर आता एकच फोटो उरला होता, आणि दुपारच्या गाडीनंतर आम्हाला परत निघायचं होतं. दांड्याची म्हणाली, "मी पुढे वळणावर उभी राहते. गाडी दिसली की रुमाल हलवते. होड्या परत येताना दिसल्या की आम्ही किनाऱ्यावरून असंच फडकं हलवतो. तू फक्त बटण दाब." डोक्याचा रुमाल सोडून ती बांधावर चढली. रुमाल लाल होता. इंजिन ड्रायव्हरच्या मुलीच्या ते लक्षात येऊ नये, आबा.

गाडी वळणावर आली, दांड्याची दोन्ही हातांनी रुमाल हलवायला लागली, आणि ब्रेक करकरले. वाफ सोडत इंजिन बरोबर माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. ड्रायव्हर उडी मारून खाली आला. "कुठं तुटलाय रूळ?"

"रूळ ठीक आहे रे बाबा," धापा टाकत आलेली दांड्याची म्हणाली. "हिला फोटो पाहिजे. पण थांबायला कुणी सांगितलं तुला?"

"बाई, लाल दिसलं की थांबायचं. मग ते कुणाचं का असंना."

तेवढ्यावर मी सात वर्षांची झाले. तुमची भाकरी घेऊन लाल परकरात रुळांच्या कडेनं धावतेय. तुम्ही गाडी थांबवता, खाली उतरता, सगळ्या डब्यांसमोर मला ओरडता. "लाल दिसलं की थांबायचं असतं. मग ते पोरीचं असो की पाटलाचं." आणि भाकरी घेऊन वर चढता.

मी ड्रायव्हरला सांगितलं, माझे वडील याच लाइनीवर होते, असंच इंजिन चालवायचे. त्यानं तुमचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्यानं गळ्यातल्या फडक्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, "कसे उभे राहायचे?" मी म्हटलं, दारात, डावा हात बाहेर टाकून. तो वर चढला आणि तसा उभा राहिला. डब्यातून कोणीतरी ओरडलं, "ओ फोटोवाल्या बाई, आमच्या लग्नाचा मुहूर्त टळतोय." हे शिकवायचे तसा मी श्वास रोखला आणि बटण दाबलं. गाडी शिट्टी देत निघाली, तेव्हा सगळे डबे आम्हाला हात करत होते, आणि दांड्याची तोच रुमाल हलवत होती.

फोटो झकास आलाय. धुराडं, दार, बाहेर टाकलेला हात, सगळं. यांच्या शेजारीच लावलाय, आणि कुणी विचारलं की मी सांगते, हे माझ्या वडिलांचं इंजिन.

हे पत्र आता कॅमेऱ्याच्या कातडी पिशवीत राहील. एक मात्र तुम्हाला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी तुम्ही ओरडलात, हे मी जन्मात कुणाला कळू दिलं नाही. यांनाही नाही. आबांनी माझ्यासाठी गाडी थांबवली होती, एवढंच सांगत आले.