खूण पुढे सरकते आहे

सोमवार, ३ जुलै
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचणार नाही, म्हणून खरं तेवढंच लिहिणार. शाळेत स्वतंत्र वाचनाची संस्कृती रुजवण्याचं काम मुख्याध्यापकांनी माझ्यावर सोपवलं. दुसरा आहेच कोण? नीट पार पडलं तर सगळ्या शाळांचा वाचन समन्वयक. नवं पद, सोबत केबिन. दाराची. एकोणीस वर्षं स्टाफरूममध्ये पाण्याच्या कूलरला टेकून बसतोय. कॉलर कायम ओली.

बुधवार, ५ जुलै
नियम ठरवले. रोज वीस मिनिटं सगळ्यांनी वाचायचं, शिक्षकांनीसुद्धा. स्वतंत्र वाचन म्हणजे मी निवडलेलं पुस्तक मुलांनी आपलं आपण वाचायचं. मग अकरा रकान्यांचा तक्ता भरायचा. ग्रंथपाल बाई म्हणाल्या की कपाटं उघडी ठेवा, मुलं हवं ते घेतील. हवं ते म्हणे! बावीस वर्षं पुस्तकांत बसून बाईंना पुस्तकांपलीकडे काही कळत नाही. कुलपं लावली. किल्ल्या माझ्या खिशात.

गुरुवार, ६ जुलै
आदर्श म्हणून माझ्याही हातात पुस्तक हवं. सगळ्यात जाड काढलं. एका खलाशाचं आत्मचरित्र, पाठीवर सोनेरी अक्षरं, मैदानाच्या टोकावरूनही दिसतील. पान नऊपर्यंत आलो. खलाशी अजून जन्मलेला नाही. निळी रिबीन खूण म्हणून घातली.

मंगळवार, ११ जुलै
वाचनाच्या तासाला डोळे मिटून चिंतन केलं. तेही वाचनच. गणिताचे सर म्हणाले की तुम्ही घोरत होता. पाढ्यांखेरीज काही न वाचलेल्या माणसाने हे बोलावं.

मंगळवार, १८ जुलै
खूण पान चौसष्टवर! मी समजत होतो, नऊवरच आहे. माझा वेग माझ्याच लक्षात येत नाही. घरी सांगितलं. बायको तोंडाला पदर लावून आत गेली. कौतुक लपवायची तिची जुनी सवय. कन्या (सातवीत, माझ्याच शाळेत) भुतांच्या गोष्टी वाचत होती. जप्त केल्या. अकरा रकान्यांत भुतं बसत नाहीत.

गुरुवार, २७ जुलै
बाईंचा नवा उद्योग. घरची पुस्तकं दोन पिशव्यांत भरून जिन्याखाली ठेवली आहेत. मधल्या सुट्टीत मुलं पायऱ्यांवर बसून वाचतात. ना तक्ता, ना रांग. एकजण पालथा पडून वाचत होता, त्याला ओलांडून जावं लागलं. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार दिली. विषय: जिन्यावरील अडथळा.
खूण एकशे अठ्ठावीसवर.

शुक्रवार, ४ ऑगस्ट
शिक्षणाधिकारी अठराला येणार. समन्वयकाचं नाव त्याच दिवशी. केबिनला पडदे कुठल्या रंगाचे, बायकोला विचारलं. म्हणाली की आधी पुस्तक संपवा. संपल्यात जमा आहे. रिबीन शेवटच्या प्रकरणात पोचली.

शुक्रवार, १८ ऑगस्ट, दुपारी चार
साहेबांनी तक्ते बघितलेसुद्धा नाहीत. भर सभागृहात म्हणाले की तुम्ही काय वाचताय ते सांगा. मी सांगितलं. वादळ, फाटलेलं शीड, आईचं पत्र. ओघात आलं. शेवटच्या प्रकरणाने मला रडवलं असंही म्हणालो. साहेबांनी पुस्तक मागून घेतलं, रिबिनीपाशी उघडलं आणि मोठ्याने वाचलं की पिल्लांना पहिले तीन दिवस कोमट पाणी द्यावे.

बाइंडरने पान तेहेतीसपासून पुढे कुक्कुटपालनाचं पुस्तक शिवून टाकलंय. गाढव. चूक त्याची, हसं माझं. पाचवीची पोरंसुद्धा हसत होती.

मग कन्या उभी राहिली. कान लालबुंद. म्हणाली की सरांनी हे पुस्तक मुद्दाम घेतलंय, चूक कोण पकडतं ते बघायला. शाळेत ती मला सर म्हणते. साहेबांनी विचारलं की मग खलाशाचं पुढे काय होतं? तिने न अडखळता सगळं सांगितलं. त्याला पोहता येत नसतं आणि हे तो जन्मभर लपवतो. बाईंच्या पिशवीत चांगली प्रत होती म्हणे, दोनदा वाचली. साहेब खुर्ची पुढे ओढून ऐकत होते.

समन्वयक: ग्रंथपाल बाई.

शनिवार, १९ ऑगस्ट
कन्येला विचारलं की माझं वाचन पुढे सरकत नाही हे तुला कधीपासून माहीत होतं. म्हणाली की पहिल्या आठवड्यापासून. वर्गातली मुलं रोज माझ्या टेबलाजवळून जाताना खूण हलली का बघायची आणि हसायची. म्हणून रोज सकाळी घरी मी दाढी करत असताना ती माझ्या बॅगेतल्या पुस्तकातली रिबीन थोडी पुढे सरकवायची.

फार वाईट वाटलं. बाइंडरबद्दल नव्हे.

किल्ल्या बाईंना देऊन आलो. त्यांनी साधा टोमणाही मारला नाही, हा त्यांचा आगाऊपणा. भुतांचं पुस्तक कन्येला परत केलं. तिने मला खलाशाची चांगली प्रत आणून दिली.

दुपारी वाचायला बसलो. पान दहावर खलाशी एकदाचा जन्मला. अकरावर माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा पुस्तक मिटलेलं, आत खूण नाही. रिबीन कन्येच्या भुतांमध्ये होती. मी हात पुढे केला. तिने मान वर न करता सांगितलं की बाबा, आता तुमचं तुम्ही वाचा.