मनगट वळलं की वळवलं

ता. १७ जानेवारी १९२९

शाळा केली. तिसरीला पाढे लिहायला लावले आणि खिडकीशी उभा राहिलो. एरवी वर्गात नुसता कालवा, आज चूं नाही. मास्तरांनी परवा काय केलं ते पोरांना घरीच कळलेलं आहे.

गोविंदाला काल मुंबईला डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. डावा डोळा. विटीचं टोक बसलं. टोला माझा. पहिल्या इयत्तेपासून एका बसकरावर बसलेलो आम्ही. स्टेशनात त्याची आई माझ्याकडे न बघता डब्यात चढली.

ता. २० जाने.

आई म्हणते, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, खेळू नका म्हणून मी घसा फोडून सांगत होते. बाजारातही तेच. करीचा दिवस, व्हायचं ते झालं. "तुमी काय मुद्दाम केलंत का मास्तर!" मी मान हलवतो. ऐकून बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाज वाटते.

ता. २१ जाने.

मुद्दाम. लोक किती सहज बोलतात हा शब्द.

एकदा लिहूनच काढतो. डाव माझा. गोविंदा समोरच्या गड्यांत, झेलायला. मी दांडूने विटीचं टोक ठोकलं, विटी छातीपर्यंत उडाली, टोला हाणला. माझा टोला आजवर समोर, चिंचेच्या दिशेनं जात आला आहे. सगळ्या दहिवलीला माहीत आहे. गो. उभा होता डाव्या हाताला, बांधापाशी, जेमतेम वीस पावलांवर. तिथे विटी जायची तर शेवटच्या क्षणी मनगट आत वळावं लागतं.

ते वळलं. की मी वळवलं?

मुलांना शिकवतो, वळणे आणि वळवणे. एका 'व'चा फरक. फळ्यावर फार सोपा आहे.

आणखी एक, तेही लिहायला हवं. काशीची, माझ्या बहिणीची, गो.च्या घरी लग्नाची बोलणी झाली होती. मार्गशीर्षात त्यांना खालापूरचं स्थळ आलं आणि आमचं मोडलं. त्याच्या आईनं येऊन सांगितलं. गो. तिच्या मागे उभा होता, तोंडातून अक्षर नाही. काशी आत चुलीपुढे होती, तिला सगळं ऐकू जात होतं. करीच्या दिवशी दांडू हातात घेतला तेव्हा मी हे विसरलो होतो, असं मला म्हणता येत नाही.

ता. २७ जाने., रविवार

सकाळी नदीपलीकडच्या रिकाम्या शेतात एकटाच गेलो. चाळीस टोले. हात सोलवटले.

मनगट आपोआप वळतं का, ते पाहायचं होतं. चाळिसात तीनदा वळलं. तिन्ही वेळा विटी डावीकडे गेली खरी, पण मेल्यासारखी, दहा पावलांत जमिनीवर. मग मुद्दाम नुसतं मनगट वळवून पाहिलं. तीच गत. जोर हातात नसतोच. मागच्या पायावरचा भार पुढे येतो, मग कंबर फिरते, तिच्यामागून खांदा, आणि हात सगळ्यांत शेवटी. कंबर समोर आणि हात डावीकडे असं झालं की विटीतला जीवच जातो.

त्या दिवशीची विटी सणसणत गेली होती. नुसत्या मनगटानं कुणाचा डोळा जात नाही. म्हणजे कंबर तिकडे फिरली होती. आणि कंबरेच्या आधी

पुढे लिहवत नाही.

ता. ३० जाने.

तात्या सुतारांकडे गेलो. इथले सगळे दांडू त्यांच्या हातचे, आणि आम्हा दोघांना टोला शिकवला तोही त्यांनीच. लहानपणी माझी कंबर दोन्ही हातांनी धरून गर्रकन फिरवायचे. म्हणायचे, "पाटीवर लिवायचा हात घरी ठेव. टोला कमरंचा असतो रं, हात नुस्ता मागनं येतो."

विचारलं, "तात्या, कंबर आपोआप फिरते का?"

"पाय फिरल्याबिगर कमर फिरत नाय. आन् पाय तर इटी उडवायच्या आदी ठेवावा लागतो."

"करीला तुम्ही जवळच बसला होता. माझा पाय बघितलात?"

"बघितला."

रंधा चालूच. मी उभा. पुढे विचारायची छाती झाली नाही. निघताना म्हणाले, "चा घेऊन जा." थांबलो नाही.

ता. २ फेब्रु.

गो. परत आला. डोळा गेला. भिवपुरीला विजेच्या कारखान्यात तो यंत्रांचे काटे वाचून वहीत लिहायचा. आता ते काम मिळेल की दुसरं काही, कुणी सांगत नाही. खालापूरच्यांनी नकार कळवला. काशीला हे विहिरीवर बायकांकडून कळलं. घरी आल्यावर तिनं हंडा जरा जोरात ठेवला.

मी भेटायला गेलो नाही. भ्याड आहे मी.

ता. १२ फेब्रु.

गो.ची आई आली. माघ लागण्याची वाट बघत होते, म्हणाली. पौषात असलं बोलायचं नसतं. ओटीवर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"माज्या पोराला आता कोन पोरगी देतंय? सदा, तुज्या हातनं झालं, तुज्या घरानं निस्तरावं. काशी दे."

आई आत डोळ्यांना पदर लावून बसली. बाबा गेल्यापासून घरात शब्द माझा. मी म्हटलं, काशीला विचारून सांगतो.

खरं लिहितो. ते ऐकल्याबरोबर पहिल्यांदा जे वाटलं ती सुटका. काशी त्या घरात दिली की मी मोकळा. बहिणीला पुढे करून स्वतः सुटणारा भाऊ! स्वतःची किळस आली.

ता. १३ फेब्रु.

काशी तांदूळ पाखडत होती. सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"एका डोळ्याचा म्हनून मला काय नाय. मला तो आदीपासनं..." एवढंच म्हणाली. मग: "दादा, तू मुद्दाम मारलास का?"

मी सुपातला एक खडा वेचला. मग दुसरा. तिनं सूप खाली ठेवलं.

"मग मला नको सांगू. त्याला सांग. त्यानं सगळं ऐकलं, नि तरी मला मागितली, तर माझा हो हाय. त्या घरात हे लपवून मी नाय नांदनार. रोज त्याचं तोंड बघायचंय मला."

अठरा वर्षांची आहे. माझ्यापेक्षा किती सरळ उभी राहते.

ता. १५ फेब्रु.

त्यांच्या अंगणापर्यंत गेलो आणि परत फिरलो. सांगितलं आणि त्यानं पाठ फिरवली तर काशीचं दुसऱ्यांदा मोडणार. नाही सांगितलं तर ती स्वतःच मोडणार. चूक माझी आणि दोन्हीकडून मार तिला.

ता. १७ फेब्रु., रविवार

आज गेलो. गो. ओट्यावर होता. पट्टी काढली आहे. मी त्या बाजूला बघू शकलो नाही. त्यानं पाण्याच्या तांब्याकडे हात नेला तो बोटभर अलीकडेच मिटला. पुन्हा नेला. "अजून अंदाज येत नाय रं," म्हणाला, आणि हसला. मला रडू फुटलं.

"गोविंदा, त्या दिवशी मी..."

त्यानं हात वर केला. "नको."

"ऐकून तरी घे. काशीनंच पाठवलंय."

"ठाऊक हाय काय सांगनार ते. इटी येताना मी तुझ्याकडंच बघत व्हतो." त्यानं तांब्या बाजूला सारला. "तवा आईपुढं मी गप बसलो, काशीसाठी तोंड उघडलं नाय. ती चूक माझी. आता तू गप बस. लगीन होऊ दे, मग सांग, सगळं ऐकीन. आज ऐकलं तर मला तुझ्या दारात यायला जमनार नाय."

मी पुन्हा तोंड उघडलं, तो उठून आत गेला. दार लावलं नाही, पण बाहेरही आला नाही.

घरी न जाता शाळा उघडून बसलो आहे. पाच वाजून गेले. काशीनं विचारलं, सांगितलंस का, तर काय म्हणू? नाही म्हटलं तर तिचा नकार. हो म्हटलं तर आई उद्याच नारळ घेऊन त्यांच्याकडे जाईल, आणि काशी त्याला सगळं माहीत आहे असं समजून बोहल्यावर उभी राहील. त्याला माहीत तर आहेच. पण मी सांगितलेलं नाही.

रस्त्यावर कुणीतरी येतंय. काशीच आहे. मला शोधत इथवर आली.