मागच्या दळणाची मूठ

२८ मे ७५, औरंगाबाद
शिबिर संपलं. शेवटच्या तासाला सरांनी फळ्यावर उद्योजकाचे गुण लिहिले. धाडस, चिकाटी, हिशोबी डोकं, माणसं जोडायची हातोटी. प्रत्येकानं उभं राहून आपल्यात कोणता आहे ते सांगायचं. साबणाचा कारखाना काढणारा एकजण 'सगळेच' म्हणाला, हशा झाला. मी चिकाटी म्हणालो. खरं तर हट्ट म्हणायचं होतं, पण तो फळ्यावर नव्हता.
सरांनी विचारलं, गिरणी कुणासाठी? म्हटलं, गावासाठी. ते म्हणाले, "आधी गिऱ्हाईक ओळखा, मग मशीन घ्या." मान हलवली. मशीन तर आधीच सांगून ठेवलंय. आमच्या गावात गिरणी नाही, बाया डोक्यावर दळण घेऊन झरीला जातात. यात आणखी काय ओळखायचं?

२ जून
घरी आलो. बा बोलत नाहीत. पाटबंधाऱ्याच्या कचेरीतली कारकुनी सोडून मी वर्षाची बिनपगारी रजा टाकली, त्याचा राग. आमच्या बौद्धवाड्यातला मी पहिला कारकून. सुनेला, कौसल्याला, म्हणाले म्हणे, "आमच्या सात पिढ्या उभ्या राहिल्या तवा एकजण खुर्चीवर बसला, तर त्यो बी उठला."
पुढच्या मे अखेर रजा संपते. तोवर गिरणी चालली तर राजीनामा. नाही चालली तर परत खुर्ची. एवढं साधं आहे. कौ.ला पण हेच सांगितलं. ती म्हणाली, साधं असतं तर तुम्ही दोनदा सांगितलं नसतं.

२० जून
जिंतूरहून इंजिन आलं, बैलगाडीवर. जागा मुद्दाम मधली घेतली आहे, इकडून वाडा, तिकडून गाव, दोन्हीला सारखीच जवळ. झरीचा गिरणीवाला भला माणूस. दगडाला टाकी कशी लावायची, खाचा कशा पाडायच्या, ते दाखवायला स्वतः आला. म्हणाला, एक ध्यानात ठेव, मागच्याचं मूठभर पीठ दगडात राहतंच आणि ते पुढच्याच्या डब्यात पडतं. म्हणून गव्हावर गहू घ्यायचा, ज्वारीवर ज्वारी. न्हाईतर गिऱ्हाईक भांडतं.
लिहून ठेवलं.

६ जुलै
आज सुरू केली. विहारात वंदना झाली, मग इंजिन. पुकपुक अख्ख्या शिवारात ऐकू गेलं. वाड्यातल्या सगळ्या घरांतून डबे आले, ज्यांच्याकडे दळायला काही नव्हतं त्यांनी पण शेरभर कुठून तरी आणलं. गावातले लोक मारुतीच्या पारावरून बघत होते. दिगंबर हात करून गेला. सातवीपर्यंत आम्ही एका वर्गात, आता तो ग्रामपंचायतीत आहे. आत आला नाही.
गावातून एक डबा नाही.

११ जुलै
नाही.

१५ जुलै
रात्री पडल्या पडल्या गिरणीवाल्याचं बोलणं आठवलं. मागच्याचं मूठभर पीठ पुढच्याच्या डब्यात. गव्हाचं आणि ज्वारीचं कळलं होतं मला. माणसांचं कळलं नव्हतं. मी काय बावळट आहे.

२२ जुलै
गावातलं पहिलं गिऱ्हाईक, गोदाकाकू. एकट्या राहतात, गुडघे गेलेत, झरीपर्यंत चालवत नाही. दिवस उगवायच्या आत आल्या. इकडं तिकडं बघून म्हणाल्या, "यशवंता, तुमच्या लोकांचं दळायच्या आधी तेवढं माझं काढून दे. सकाळी झाडलेला दगड कोरा असतो."
दिलं काढून. लाज वाटली आणि आनंदही झाला. आनंद जास्त झाला, हे लिहायलाच हवं.

९ ऑगस्ट
गोदाकाकूंच्या मागं आज सहा घरं. सगळी सकाळीच. कुणी काही बोलत नाही, सकाळी येतात, दळून नेतात. वाड्यातल्या बाया आपोआप दुपारी यायला लागल्या. मी कुणाला सांगितलेलं नाही. कुणाला अडवलेलंही नाही.
बा पहिल्यांदा गिरणीपर्यंत आले. बाहेर उभे राहून गावातल्या लोकांची रांग बघितली. मग गेले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "चालायलीय तर." वर्षातलं सगळ्यात मोठं कौतुक.

३० सप्टें.
लय काम. पट्टा तुटला, जिंतूरला जाऊन नवा आणला, दोन दिवस बंद. तर गावातून तीनदा विचारणा, कधी सुरू करायलास म्हणून. ऐकायला बरं वाटलं.
कौ.ला राग आला आहे कशाचा तरी. विचारलं तर म्हणते, कशाचा नाही.

१८ नोव्हें.
कापसाची वेचणी चालू. बायांना उजाडता रानात पोचायचं असतं. सोजरआत्या, बांची चुलतबहीण, तिची दोन्ही पोरं कोयता घेऊन ऊसतोडीला गेलीत, नातवंडं तिच्याकडे. आज पहाटे सगळ्यात आधी तिचा डबा आला. भाकरी टाकून वेचणीला जायचं होतं. तिच्या मागं गावातले तीन डबे.
मी तिचा डबा उचलला आणि बाजूला ठेवला. तोंडानं काही बोललो नाही. हातानंच.
ती बाजूला झाली. भिंतीला टेकून बसली. गावाचं सगळं उरकेपर्यंत ऊन वर आलं, वेचणीच्या बाया केव्हाच गेल्या होत्या. मी म्हटलं, आत्या, आजचा रोज बुडाला तुझा. तर म्हणाली, "असू दे रे. तुझं गिऱ्हाईक तुटू नये."
तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी जेवलो असतो आज.

१९ नोव्हें.
कौ. बोलली एकदाची. "कचेरीत असताना फायली आल्या तशा घेत होता म्हणे तुम्ही. इथं काय झालं?"
मी म्हटलं, धंदा आहे. ती म्हणाली, मग धंदा म्हणा, गिरणी गावाची आहे म्हणू नका. भांडी जरा जोरात आपटली.

१२ डिसें.
शिबिराचे सर आले होते. शिबिरातल्या किती जणांचं चाललंय ते बघत फिरतायत. सकाळची रांग बघून खूष झाले. मी सगळं सांगितलं, सकाळ गावाची, दुपार आमची, सोजरआत्याचं पण. त्यांनी नीट ऐकून घेतलं. चांगले आहेत ते, खोटं कशाला बोलू. मग म्हणाले, "अडचणीतच संधी असते. दुसरी चक्की टाका. एक त्यांची, एक तुमची. कुणाला थांबायला नको, काम दुप्पट."
बरोबर आहे त्यांचं. शिबिरात हेच शिकवलं होतं. दगडांची दुसरी जोडी बसायला जागा पण आहे, दाराच्या डावीकडे. मी मापं घेतली. मापं घेताना मनात आलं, आपण आपल्या हातानं पाणवठे दोन करायलोत. बा सांगायचे, विहिरीवर कसं खाली ओंजळ धरून उभं राहायचं, वरून कुणी ओतेल तेव्हा. ५६ साली धम्म घेतला तो कशाला मग.
मापं खोडून टाकली.

१४ जाने. ७६
संक्रांत. दिगंबर तिळगूळ घेऊन गिरणीत आला, पहिल्यांदा आत आला. म्हणाला, "एक बोलू का. बोर्ड लाव सरळ. सकाळ गावाची, दुपार तुमची. आता कसं, लोकान्ला भरवसा न्हाई, एखाद्या दिवशी तू उलटं केलं तर. बोर्ड लागला का सगळं गाव येतंय. पाटलाच्या घरी लग्न हाय, त्याचं दळण बी मी तुझ्याकडंच आणून देतो. मी तुझ्या भल्याचं बोलायलोय, यशवंता."
भल्याचंच बोलत होता. तिळगूळ खाल्ला. विचार करून सांगतो म्हटलं.

१५ जाने.
विचार करतोय. बोर्ड लावला तर राजीनामा द्यायची हिंमत येईल. नाही लावला तर...

२ फेब्रु.
सांगतो, सांगतो म्हणत दिवस ढकलतोय. फळ्यावरच्या यादीत हे कशात बसतं? धाडसात बसत नाही. माणसं जोडायची हातोटी म्हणावं तर कुठली माणसं.

९ फेब्रु.
आज केलं. ठरवून नाही केलं, झालं.
पहाटे सोजरआत्याचा डबा पहिला, गोदाकाकूंचा दुसरा, मागं गावातले चार-पाच. माझा हात सवयीनं आत्याच्या डब्याकडे गेला, बाजूला सारायला. आत्या आधीच उठून भिंतीकडे निघाली होती. तिला सांगावं पण लागलं नाही, हे बघून माझं डोकं फिरलं. डबा उचलला आणि ओतला गिरणीत.
गोदाकाकू म्हणाल्या, "माझं राहिलं की रे."
"तुमचा नंबर दुसरा, काकू. आता जो आधी येईल त्याचं आधी. रोज."
इंजिन चालू होतं म्हणून मोठ्यानं बोलावं लागलं, सगळ्यांना ऐकू गेलं. काकूंनी भांडण केलं नाही. मी त्यांना फसवलं असं काहीतरी तोंडावर होतं. डबा कमरेवर घेतला आणि झरीच्या वाटेला लागल्या. मागचे पण डबे उचलून गेले. दारातून दिसत होतं, काकू दोनदा बसल्या वाटेत. हाक मारावी वाटलं. मारली नाही.
आत्या म्हणाली, "कामून केलंस रे असं?" तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं.

२६ फेब्रु.
गाव बंद. वाड्याचं दळण सकाळी लवकरच उरकतं. मग इंजिन गार.
दिगंबर पारावरून बघतो, मान फिरवतो. रस्त्यात भेटला तर म्हणाला, "तुझा हट्ट तुलाच नडायलाय." तो गुण फळ्यावर नव्हता ते बरंच होतं.

२१ मार्च
बा आता रोज येतात. दाराशी पोतं टाकून बसतात. कुणी नसतं तरी बसतात. मी म्हटलं, घरी पडा जरा, ऊन आहे. म्हणाले, "मी काय तुझं इंजिन खायलोय का?"

१७ एप्रिल
कुरडयांचे दिवस. गावातल्या बाया गहू घेऊन झरीला गाडीनं जातात, माझ्या दारावरून. गाड्यांचा आवाज आला की मी आत काहीतरी काम काढतो. गोदाकाकू गाडीत नसतात. त्यांना कोण गाडीत घेणार. त्या चालत जातात की कुणाकडून मागून आणतात, कळत नाही. रोज डोक्यात येतं. माझ्या तत्त्वाचे पैसे त्या म्हातारीचे गुडघे भरायलेत.
कचेरीतून निरोप, जागा अजून तुझीच आहे, एकतीसला रजा संपते, ये. कौ. म्हणाली, तुम्ही ठरवा, मी दोन्हीकडे भाकरीच थापणार.

१० मे
बांना विचारलं, काय करू? पहिल्यांदा विचारलं त्यांना, रजा टाकताना विचारलं नव्हतं. त्यांनी तंबाखू मळून घेतली. मग म्हणाले, "ती खुर्ची सरकारनं दिली व्हती. ही जागा तू केलीस. मला ह्यातलं काय कळत न्हाई."

२७ मे
सविस्तर लिहायला पाहिजे.
सकाळी सोजरआत्या आणि वाड्यातल्या दोघी होत्या. आत्याचा डबा पहिला. मी इंजिन सुरू केलं, तेवढ्यात दारात गोदाकाकू. काठी टेकत आलेल्या. बांनी बसल्या जागेवरून पाय आखडून वाट दिली. काकूंनी डबा आणला आणि रांगेत ठेवला, शेवटी.
आत्या मला म्हणाली, "तिचं घे की आधी. म्हातारी हाय."
वाड्यातल्या दोघींनी पण माना हलवल्या, घ्या, घ्या. मला राग आला आणि राग कुणाचा ते कळेना. आत्या म्हातारी म्हणून म्हणाली, की जुन्या सवयीनं? वाड्यातली म्हातारी असती तर असंच म्हणाली असती का? असेलही. तिला स्वतःला तरी सांगता आलं असतं का, देव जाणे. मी बांकडे पाहिलं. ते इंजिनाकडे बघत होते.
मी आत्याचंच आधी ओतलं. मग दोघींनी आपले डबे मागं सरकवले आणि काकूंचा पुढं केला. त्यांचा नंबर, त्यांनी दिला. याला मी काय म्हणणार. घेतला.
आत्याची ज्वारी संपून काकूंची सुरू होते तिथं मी एरवी हात मारून दगड झाडून घेतो. आज झाडलं नाही. मुद्दाम. काकू बघत होत्या. पीठ पडायला लागलं तसा त्यांनी हात खाली धरला, सगळ्याच बाया धरतात तसा. पहिली मूठ, ती आत्याचीच होती, मला माहीत, आत्याला माहीत, काकूंना तर सगळ्यात जास्त माहीत. चिमटीत चोळून बघितलं. म्हणाल्या, "जाड पडायलंय. जरा बारीक कर."
मी दगड जवळ केले.
पीठ डब्यात घेतलं, पदरानं हात पुसला, गेल्या. आत्या त्यांच्या मागं दारापर्यंत गेली आणि डबा डोक्यावर चढवायला हात लावला. काकूंनी लावू दिला.
घरी जाऊन त्या पिठाची भाकरी केली की वरची मूठ काढून गाईपुढं टाकली, मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. दिवसभर दुसरं सुचलं नाही.

२८ मे
गावातून कुणी नाही. काकूंचं दळण आठवडाभर पुरतं, म्हणजे त्या एवढ्यात येणार नाहीत. रजा त्याआधी संपते.
रात्री कचेरीत जायचा सदरा काढून बघितला, कौ.नं इस्त्री करून ठेवलेला आहे. अंथरूण टाकताना बांनी ओट्यावरून विचारलं, "उद्याला इंजिनात पाणी घालून आलास का?"
म्हटलं, नाही.
"मंग सकाळी लवकर जावं लागंल," म्हणाले आणि कूस बदलली.