पुसलेल्या किड्यांची हकीकत

अड्यार, चेन्नई
१२ फेब्रुवारी २००६

ती. मामा यांस,

हेडफोन बाजूला ठेवून, दोन्ही हात जोडून साष्टांग नमस्कार. तुमचा रक्तदाब आणि मामींचा दमा, दोन्ही शांत असतील अशी आशा. मी मजेत. तुमची सूनबाई अदितीही ठीक (चिखलाचे बूट घरात आणतो म्हणून बोलत नाही, पण ठीक).

तुमचा भाचा आता नुसता इंजिनिअर राहिलेला नाही, हे आधी सांगतो. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गिअरची घरघर ऐकून कुठला दात झिजलाय ते मी सांगतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे (नसेल तर मामींना विचारा, त्यांना तीनदा सांगितलंय). हे कळल्यावर शेजारच्या विशालाक्षी मॅडमनी मला मुद्दाम बोलावलं. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांचं बोलणं ऐकताना आपण दरबारात उभे आहोत असं वाटतं. आमच्या कॉलनीमागच्या पाणथळीचा त्या अभ्यास करतात, तोही कानांनी. बेडूक खालच्या पट्टीत, पक्षी मधल्या, किडे अगदी वरच्या. एखादी पट्टी गप्प झाली की समजायचं, पाणथळ आजारी आहे. म्हणजे माझाच धंदा, फक्त गिअर जिवंत! डिसेंबरात पाऊस थांबल्यावर रोज पहाटे गुडघाभर चिखलात उभं राहून मी रेकॉर्डिंग केलं. डास चावले तरी मारले नाहीत (टेपवर आवाज आला असता).

मग एक किरकोळ गोष्ट घडली. मागची सततची सूं काढल्याशिवाय रेकॉर्डिंग साहेबांना ऐकवायचं नाही, असा आमच्या कारखान्यात नियम. त्या सवयीने मी सगळं स्वच्छ केलं आणि मूळ फायली उडवल्या. मॅडमनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अय्यो, किडे कोठें गेले?" मामा, ती सूं म्हणजेच किडे होते. हजारोंनी. तेवीस तारखेला, पाणथळ बुजवून तिथे गाड्या लावायच्या की नाही, याची सुनावणी आहे. तिथे काही जिवंत नाही असं समोरचे म्हणणार, आणि माझंच रेकॉर्डिंग त्यांच्या बाजूने साक्ष देणार! पुन्हा करावं तर आता पाणी आटलंय. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. तरीही, इतक्या सफाईने आजवर कोणी काही पुसलं नव्हतं, असं मॅडम स्वतः म्हणाल्या.

तुमचा कर्तबगार भाचा,
उपेंद्र

ता. क. संक्रांतीला तिळगुळाबरोबर पाणथळीच्या आवाजांची एक सीडी पाठवली होती. तुम्ही कळवलंत, "नुसती किरकिर आहे." मामा, तुमच्या तोंडात साखर पडो! न पुसलेली तेवढी एकच उरली आहे. मूळ प्रत एका जाणकाराकडे जपून ठेवली आहे, असं मॅडमना सांगून बसलोय. ताबडतोब कुरियर करा.

ता. क. २. आत्ताच मामींचा फोन आला. पोपट येऊ नयेत म्हणून ती सीडी तुम्ही पेरूच्या झाडाला टांगली आहे म्हणे. शिडी लावा, कडेने धरून अलगद उतरवा. पेरू पोपटांना खाऊ द्या.