भांगेच्या तेलाची चिठ्ठी

मंगळवार, सांजच्याला

नाक्यावरच्या मेडिकलवाल्याला लाज न्हाई ती न्हाईच. आयुर्वेदाच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या गुडघ्यासाठी भांगेच्या पानाचं तेल चिठ्ठीवर लिवून दिलं. कायद्यात बसतं, त्याच म्हणाल्या. तर हा चार गिऱ्हाइकांत हसतोय, "मावशी, या वयात नशा व्हय?" शिवरात्रीला देवळात भांग वाटणारा हाच की! वर "मागवतो" म्हणून चिठ्ठी ठेवून घेतली, त्याला पंधरा दिस झाले. सांगलीत खास असल्या तेलाचंच दुकान हाय. तिथली पोरगी नीट बोलली, पण चिठ्ठीबिगार देईना. बरोबरच हाय तिचं. नवी चिठ्ठी मागायला मी का जाऊ? माझी त्याच्याकडं हाय. उद्या भरल्या दुकानात इचारणार: शुक्रवारपातूर तेल देतोस का माझी चिठ्ठी देतोस? बोल.